आभासी फायरवॉलवरील कमांड लाइन त्रुटींचे निदान : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या विशेष संदर्भात

सारांश

महाविद्यालयातील संगणक जाळ्याच्या संरक्षणासाठी स्वतंत्र यंत्राऐवजी सर्व्हरवर चालणारी आभासी फायरवॉल वापरणे आज शक्य झाले आहे. अशा फायरवॉलवर कमांड लाइनद्वारे काम करताना येणारे त्रुटीसंदेश बहुधा 'कमांड चुकली' एवढ्याच अर्थाने वाचले जातात. वस्तुतः त्रुटीसंदेश हे कमांड कोणत्या थरावर नाकारली गेली याचे निवेदन असते. प्रस्तुत लेखात अशा त्रुटींचे पाच थरांत वर्गीकरण करून प्रत्येक थराची लक्षणे व निदानाची पद्धत स्पष्ट केली आहे. तज्ज्ञ मनुष्यबळापासून दूर असलेल्या वनप्रदेशातील महाविद्यालयांना योग्य निदान का आवश्यक आहे, याचेही विवेचन केले आहे.

बीजशब्द : आभासी फायरवॉल, कमांड लाइन, त्रुटीसंदेश, हायपरव्हायजर, गोंडवाना विद्यापीठ, माहिती सुरक्षा.

१. प्रस्तावना

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या भौगोलिक क्षेत्रापैकी सुमारे तीन चतुर्थांश क्षेत्र वनांखाली आहे. दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये पूर्वी नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाल्यानंतर ती या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आली. त्याच सुमारास शिक्षणसंस्थांना इंटरनेटशी जोडण्याचे राष्ट्रीय प्रयत्नही सुरू होते. २००९ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाल प्रकल्पास मान्यता मिळाली.

प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षा अर्ज, अंतर्गत गुण, मूल्यांकनाची माहिती ही सर्व कामे आज इंटरनेटवरून होतात. अनेक विद्यापीठे प्रश्नपत्रिकाही परीक्षेच्या थोडा वेळ आधी ऑनलाइन पद्धतीने केंद्रावर पाठवतात. अशा वेळी महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारी उभी असलेली फायरवॉल बिघडली, तर तो केवळ संगणक विभागाचा प्रश्न राहत नाही. मोठ्या शहरात तासाभरात तंत्रज्ञ येऊ शकतो. जिल्हा मुख्यालयापासून सुमारे २०० किलोमीटर दूर असलेल्या सिरोंच्यात, किंवा पर्लकोटेला पूर आला की संपर्क तुटणाऱ्या भामरागडात हे शक्य नसते. तेथे संगणकशास्त्राचा अध्यापक हाच जाळ्याचा व्यवस्थापक असतो आणि पडद्यावरील त्रुटीसंदेश हाच त्याला उपलब्ध असलेला पहिला पुरावा असतो. तो पुरावा कसा वाचावा, हा या लेखाचा विषय आहे.

२. आभासी फायरवॉलचे स्वरूप

फायरवॉल ही आतील जाळे व बाहेरील इंटरनेट यांच्यामध्ये बसून येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीची नियमांनुसार तपासणी करते. पूर्वी तिच्यासाठी स्वतंत्र यंत्र विकत घ्यावे लागे. अहमदाबादच्या सायबरोमची अशी यंत्रे भारतात चांगलीच परिचित होती. ही कंपनी २०१४ मध्ये सोफोसने विकत घेतली. आभासी फायरवॉलमध्ये तेच सॉफ्टवेअर एका सामान्य सर्व्हरवर, इतर आभासी यंत्रांच्या शेजारी चालते. सर्व्हरची साधने या यंत्रांत वाटून देणाऱ्या प्रणालीस हायपरव्हायजर म्हणतात. व्हीएमवेअरची ईएसएक्सआय व मुक्त स्रोत असलेली प्रॉक्समॉक्स ही त्याची परिचित उदाहरणे होत. फोर्टिगेट, पालो आल्टो, सिस्को, ज्युनिपर इत्यादी कंपन्यांच्या फायरवॉल आभासी रूपात मिळतात. पीएफसेन्स व ओपीएनसेन्स या मुक्त स्रोत फायरवॉलही अशा पद्धतीने चालवता येतात.

या रचनेमुळे खर्च कमी होतो, परंतु निदान अवघड होते. स्वतंत्र यंत्रात सॉफ्टवेअर व यंत्रसामग्री एकाच उत्पादकाची असते. आभासी फायरवॉलच्या खाली हायपरव्हायजर, त्याचा आभासी स्विच आणि प्रत्यक्ष सर्व्हर असे आणखी थर असतात. खालच्या थरातील दोष वरच्या थराच्या भाषेत व्यक्त होतो. म्हणून संदेशातील शब्दांइतकेच तो संदेश कोणत्या थराचा आहे, हे ओळखणे महत्त्वाचे ठरते.

३. त्रुटींचे पाच थर

३.१ वाक्यरचनेचा थर : टंकलेली ओळ प्रथम प्रणालीचा वाक्यविश्लेषक तपासतो. फोर्टिगेटवर 'कमांड पार्स एरर बिफोर' असे शब्द व त्यापुढे एक शब्द येतो, तसेच 'रिटर्न कोड उणे ६१' असा क्रमांक येतो. सिस्कोवर चुकीच्या अक्षराखाली टोपीसारखे चिन्ह उमटते. दोन्ही प्रणाली चूक कोठे आढळली ते स्थान दाखवतात, मात्र बहुतेक वाचक क्रमांक पाहतात आणि स्थानाकडे दुर्लक्ष करतात. सिस्कोवरील 'अपूर्ण कमांड' आणि 'संदिग्ध कमांड' हे संदेशही परस्परांहून भिन्न आहेत. पहिल्यात पुढील शब्द राहिलेला असतो, तर दुसऱ्यात संक्षेप इतका छोटा असतो की तो एकाहून अधिक कमांडना लागू पडतो.

या थरावरील एक सामान्य कारण म्हणजे नक्कल करून चिकटवलेला मजकूर. वर्ड प्रोसेसर सरळ अवतरणचिन्हांची वक्र चिन्हे आणि लहान आडव्या रेघेची लांब रेघ करून टाकतो. डोळ्यांना फरक जाणवत नाही, परंतु प्रणालीच्या दृष्टीने ती वेगळी अक्षरे असतात. कमांड साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये जपून ठेवणे हा त्यावरील सोपा उपाय होय.

३.२ स्थान व अधिकाराचा थर : अचूक कमांडही चुकीच्या ठिकाणी दिल्यास नाकारली जाते. सिस्कोच्या एएसए प्रणालीत प्रारंभीच्या मर्यादित अवस्थेत चालू संरचना दाखवण्याची कमांड दिल्यास 'अवैध इनपुट' असाच संदेश येतो. स्पेलिंग बरोबर असते, केवळ विशेषाधिकार अवस्थेत प्रवेश केलेला नसतो. फोर्टिगेटची विभागणी अनेक आभासी विभागांत केलेली असेल, तर प्रथम संबंधित विभागात किंवा सामायिक भागात जावे लागते, अन्यथा ओळखीची कमांडही अनोळखी ठरते. म्हणून स्पेलिंग पुन्हा पुन्हा तपासण्यापूर्वी ओळीच्या आरंभी असलेले सूचकचिन्ह वाचावे. आपण कोठे आहोत आणि कोणत्या अधिकाराने आहोत, हे तेच सांगते. त्यानंतर सॉफ्टवेअरची आवृत्ती पाहावी, कारण जुन्या पुस्तिकेतील कमांड नव्या आवृत्तीत बदललेली असू शकते.

३.३ संदर्भाचा थर : येथे वाक्य शुद्ध असते, परंतु ज्या वस्तूचा उल्लेख केला तीच प्रणालीत नसते. फोर्टिगेटवर 'एंट्री नॉट फाउंड इन डेटासोर्स' या संदेशासह उणे ३ हा क्रमांक येतो. नियमात वापरलेला पत्ता-घटक आधी तयार केलेला नसणे किंवा त्याच्या नावातील लहान-मोठी अक्षरे वेगळी असणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. याच्या उलट, वापरात असलेला घटक काढून टाकण्याचा प्रयत्न केल्यास 'ही नोंद अन्य नोंदींकडून वापरली जात आहे' अशा अर्थाचा संदेश व उणे २३ हा क्रमांक येतो. थोडक्यात, निर्मिती करताना घटक आधी व नियम नंतर, तर निष्कासन करताना नियम आधी व घटक नंतर, हा क्रम पाळावा लागतो.

पालो आल्टो व ज्युनिपर या प्रणालींत बदल प्रथम प्रस्तावित संरचनेत जमा होतात आणि 'कमिट' दिल्यावर संपूर्ण संरचना तपासून लागू होतात. त्यामुळे कमिटच्या वेळी आलेली त्रुटी आजच्या बदलाशी संबंधित असेलच असे नाही. दुसऱ्या व्यवस्थापकाने पूर्वी अर्धवट सोडलेला बदलही तिच्या मुळाशी असू शकतो. यासाठी कमिटपूर्वी चालू व प्रस्तावित संरचनांतील फरक पाहणे आवश्यक आहे.

३.४ परवाना व मर्यादांचा थर : आभासी फायरवॉलची क्षमता परवान्यावर अवलंबून असते. सिस्कोच्या आभासी एएसएवर परवान्याची नोंदणी झालेली नसल्यास वेग सेकंदाला १०० किलोबिटपर्यंत मर्यादित राहतो. जाळे बंद पडत नाही, केवळ असह्य संथ होते आणि दोष इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीवर ढकलला जातो. फोर्टिगेटच्या विनामूल्य चाचणी परवान्यात इंटरफेस व नियम यांची संख्या प्रत्येकी तीनपुरती मर्यादित असते. चौथा नियम नाकारला गेला, तर दोष कमांडमध्ये शोधण्यात अर्थ नसतो.

या थरावर संदेशाचा शब्दशः अर्थ फसवा ठरू शकतो. पीएफसेन्सवर नियम लागू करताना 'मेमरी देता येत नाही' असा संदेश येतो आणि त्यात पत्त्यांच्या एका मोठ्या सारणीचे नाव असते. वाचक साहजिकच सर्व्हरची मेमरी वाढवण्याचा विचार करतो. प्रत्यक्षात अनेकदा मेमरी पुरेशी असते, फक्त सारण्यांतील नोंदींची कमाल संख्या कमी ठरवलेली असते. ती मर्यादा वाढवली की संदेश थांबतो. मेमरी वाढवण्यावर होणारा खर्च अशा वेळी व्यर्थ ठरतो.

३.५ आश्रयदात्या सर्व्हरचा थर : सर्वांत खालच्या थरातील दोष फायरवॉलला दिसतच नाहीत. हायपरव्हायजरची साठवण भरली की आभासी यंत्र जागच्या जागी थांबू शकते. दोन फायरवॉल जोडीने चालवून एक बंद पडल्यास दुसरीने काम हाती घ्यावे, अशी योजना असेल तर त्या सामायिक आभासी मॅक पत्ता वापरतात. ईएसएक्सआयचा आभासी स्विच सुरक्षेसाठी अशा बदललेल्या पत्त्यांची वाहतूक रोखू शकतो. फायरवॉलवरील प्रत्येक कमांड यशस्वी होते आणि तरीही जोडी काम करत नाही. येथे दुरुस्ती आभासी स्विचवर करावी लागते.

४. एक स्पष्टीकरणात्मक उदाहरण

वरील वर्गीकरणाचा उपयोग पाहण्यासाठी एक काल्पनिक प्रसंग घेता येईल. परीक्षा केंद्रावरील एका संगणकाला विद्यापीठाच्या परीक्षा संकेतस्थळापर्यंत पोहोचू द्यायचे आहे. व्यवस्थापक फोर्टिगेटवर नवा नियम लिहितो. पहिल्या प्रयत्नात उणे ६१ येतो : अवतरणचिन्हे वक्र आहेत. ती बदलल्यावर उणे ३ येतो : संकेतस्थळाचा पत्ता-घटक तयार केलेला नाही. तो तयार केल्यावर नियम स्वीकारला जातो, पडद्यावर त्रुटी राहत नाही, परंतु संकेतस्थळ उघडत नाही.

हा तिसरा टप्पाच सर्वांत धोक्याचा आहे. पहिल्या दोन वेळी प्रणालीने दोष सांगितला, आता ती गप्प आहे. फायरवॉल नियम वरून खाली वाचते आणि जुळणारा पहिला नियम लागू करते. नवा नियम यादीच्या शेवटी बसला असून त्याच्या वर मनाई करणारा व्यापक नियम आहे. नवा नियम वर हलवल्यावर काम होते. कमांड स्वीकारली जाणे आणि हेतू साध्य होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. पहिली गोष्ट त्रुटीसंदेशाच्या अभावावरून कळते. दुसरीसाठी वाहतुकीच्या लॉग नोंदी पाहाव्या लागतात.

असाच मूक दोष पीएफसेन्स प्रॉक्समॉक्सवर चालवताना आढळतो. पिंगला उत्तर येते, पण संकेतस्थळे उघडत नाहीत किंवा अत्यंत संथ उघडतात. व्हर्टआयओ प्रकारच्या आभासी नेटवर्क कार्डावर पडताळा-बेरजेचे काम कार्डाकडे सोपवलेले असल्यास हे घडते. पीएफसेन्सच्या प्रगत मांडणीत ती सोय बंद करून यंत्र पुन्हा सुरू केल्यास दोष दूर होतो.

५. स्थानिक परिस्थितीतून उद्भवणारे दोष

वनप्रदेशात पावसाळी वादळाने वीजपुरवठा खंडित होणे नवीन नाही. चंद्रपुरात उन्हाळ्यात तापमान ४६ अंशांच्या पुढे जाते आणि वातानुकूलन बंद पडले की सर्व्हरही बंद पडू शकतो. वीज परत आल्यावर दिसणाऱ्या त्रुटींचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावावा लागतो.

पहिला प्रश्न जतन न केलेल्या बदलांचा. सिस्कोवर चालू संरचना व प्रारंभ संरचना वेगळ्या असतात. बदल केल्यावर तो जतन करण्याची कमांड दिली नसेल, तर वीज जाताच बदल नाहीसा होतो. महिनाभर व्यवस्थित चाललेला नियम एका सकाळी गायब होतो, याचे कारण अनेकदा एवढेच असते.

दुसरा प्रश्न घड्याळाचा. सर्व्हरच्या मदरबोर्डवरील लहान सेल संपलेला असेल, तर दीर्घ खंडानंतर सर्व्हरचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते आणि आभासी फायरवॉल तीच वेळ स्वीकारू शकते. मग डिजिटल प्रमाणपत्रे 'अद्याप वैध नाहीत' असे ठरते, परवाना-पडताळणी फसते आणि त्रुटींची मालिका सुरू होते. अशा वेळी परवाना पुन्हा मागवण्याआधी तारीख दाखवणारी कमांड द्यावी. अल्प किमतीचा सेल बदलणे हाच येथे खरा उपाय असतो.

तिसरा प्रश्न आपोआप सुरू होण्याचा. सर्व्हर चालू झाला तरी त्यावरील आभासी यंत्र आपोआप सुरू होईल अशी मांडणी हायपरव्हायजरवर स्वतंत्रपणे करावी लागते. फायरवॉल प्रथम व इतर यंत्रे नंतर, असा क्रमही ठरवावा.

चौथा प्रश्न स्थलांतराचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ब्रॉडकॉमच्या ताब्यात गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसएक्सआयची विनामूल्य आवृत्ती बंद झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा उपलब्ध झाली. अशा अनिश्चिततेमुळे दुसऱ्या हायपरव्हायजरकडे वळताना नेटवर्क कार्डांचा प्रकार बदलतो आणि त्याबरोबर इंटरफेसची नावेही बदलतात. जुनी नावे न सापडल्याने पीएफसेन्स सुरू होताना थांबते व इंटरफेसची नव्याने निवड करण्यास सांगते. हा प्रश्न केवळ हायपरव्हायजरच्या कन्सोलवर दिसतो. दूरवरून पाहणाऱ्यास फायरवॉल मृत झाली असे वाटते, प्रत्यक्षात ती उत्तराची वाट पाहत असते. म्हणून प्रत्येक इंटरफेसचा मॅक पत्ता व त्याचा उपयोग यांची नोंद कागदावर असावी.

६. दूरवरून दुरुस्ती करताना घ्यावयाची दक्षता

अनेकदा नागपूर किंवा चंद्रपूर येथील तज्ज्ञ दूरस्थ पद्धतीने फायरवॉलवर काम करतो. त्याची एक चुकीची कमांड त्याचाच मार्ग बंद करू शकते. ज्युनिपरवर यासाठी सशर्त कमिटची सोय आहे. ठरावीक मुदतीत, सामान्यतः १० मिनिटांत, पुष्टी मिळाली नाही तर पूर्वीची संरचना आपोआप परत येते. सिस्कोवर धोक्याचा बदल करण्यापूर्वी ठरावीक मिनिटांनी यंत्र पुन्हा सुरू होण्याची कमांड देता येते. संपर्क तुटलाच तर जतन न केलेला बदल त्या पुनरारंभात निघून जातो, आणि काम यशस्वी झाल्यास ती कमांड रद्द करता येते.

हायपरव्हायजरवरील स्नॅपशॉट बदलापूर्वी घेणे उपयुक्त आहे, परंतु तो सुरक्षित प्रतीला पर्याय नाही. तो त्याच सर्व्हरवर राहतो आणि सर्व्हरबरोबरच नष्ट होतो. संरचनेची प्रत फायरवॉलबाहेर, शक्यतो दुसऱ्या इमारतीत ठेवावी. हायपरव्हायजरच्या कन्सोलपर्यंत पोहोचणारा मार्गही फायरवॉलमधून जाणारा नसावा. तसे असल्यास फायरवॉल बंद पडताच तिच्या दुरुस्तीचा मार्गही बंद होतो.

७. चुकीच्या निदानाची किंमत

त्रुटीचा थर ओळखता आला नाही, की घाईच्या क्षणी एक सोपा मार्ग निवडला जातो : 'सर्वांना सर्वत्र परवानगी' देणारा नियम यादीच्या शिरोभागी टाकणे अथवा फायरवॉल पूर्णतः बंद करणे. त्या दिवशी परीक्षा पार पडते आणि नियम तसाच राहतो. त्यानंतर कोणतीही त्रुटी येत नाही, कारण आता काहीच अडवले जात नाही. महाविद्यालयाच्या सर्व्हरवर विद्यार्थ्यांची जातप्रमाणपत्रे, आधार क्रमांक, बँक खाती व गुणपत्रके असतात. आदिवासी व ग्रामीण विद्यार्थ्याला ही कागदपत्रे मिळवण्यासाठी अनेक फेऱ्या माराव्या लागतात. त्यांचे रक्षण करणे ही संस्थेची जबाबदारी आहे, आणि डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ या कायद्याने अशा माहितीच्या रक्षणास कायदेशीर अधिष्ठान दिले आहे.

सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत सायबर घटनेची माहिती ६ तासांच्या आत कळवणे, लॉग नोंदी १८० दिवस जतन करणे आणि घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या कालसेवेशी जुळवणे या अपेक्षा आहेत. महाविद्यालयांनी आपली व्यवस्था याच मानदंडावर तपासून पाहणे हिताचे ठरेल. तथापि १८० दिवसांच्या नोंदी फायरवॉलच्याच लहान आभासी डिस्कवर ठेवल्यास ती भरते आणि 'जागा शिल्लक नाही' हा नवा त्रुटीसंदेश उद्भवतो. नोंदी वेगळ्या लॉग सर्व्हरवर पाठवणे हा यावरील मार्ग होय.

तातडीची गरज म्हणून सैल नियम टाकावाच लागला, तर तो एका संगणकापुरता व एका पत्त्यापुरता असावा. त्याच्या वर्णनात तारीख व कारण लिहावे आणि शक्य असल्यास त्याला कालमर्यादा घालावी. परीक्षा संपताच तो काढण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे लेखी सोपवावी.

८. निष्कर्ष

१) त्रुटीसंदेश हा कमांड कोणत्या थराने नाकारली याची साक्ष असतो. वाक्यरचना, स्थान व अधिकार, संदर्भ, परवाना व मर्यादा, आणि आश्रयदाता सर्व्हर या क्रमाने त्याचा विचार केल्यास निदान सुलभ होते.

२) त्रुटी नसणे म्हणजे दोष नसणे नव्हे. प्रत्येक बदलानंतर लॉग नोंदींवरून परिणाम पडताळणे आवश्यक आहे.

३) वीज, तापमान, घड्याळ व अंतर हे घटक या दोन जिल्ह्यांत निदानाचाच भाग आहेत. वीजखंडानंतर प्रथम वेळ, मग साठवण, मग इंटरफेस तपासावेत.

४) प्रत्येक महाविद्यालयाने त्रुटींची नोंदवही ठेवावी. तीत संदेशाचे जसेच्या तसे शब्द, त्यापूर्वी दिलेली कमांड, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि अंती सापडलेले कारण लिहावे. अध्यापकाची बदली वा निवृत्ती झाली, तरी ते ज्ञान संस्थेत राहील. संलग्न महाविद्यालयांनी अशा नोंदींची परस्परांत देवाणघेवाण केल्यास एका ठिकाणी सापडलेले उत्तर दुसऱ्या ठिकाणी पहिल्यापासून शोधावे लागणार नाही.